वाडी तिची होती

श्रीवर्धनात आम्ही तिघं एकाच पाखाडीत वाढलो. मी आणि माझा मित्र एका वर्गात, ती एक वर्ग मागे. आमची दहावी १९८० साली झाली, तिची १९८१ साली. मधल्या १ जानेवारीला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, त्यामुळे आमच्या दाखल्यांवर कुलाबा आणि तिच्या दाखल्यावर रायगड. ‘तुमचा जिल्हाच आता कुठे नाही रे,’ असं ती आम्हाला जन्मभर चिडवत राहिली. पुढे ती माझ्या मित्राची बायको झाली. ती गेल्यावर शोकसभेत सगळे बोलले ते त्याची बायको म्हणून. घर सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं केलं, आल्यागेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही. त्यातलं काही खोटं नाही. पण ती तेवढीच नव्हती, आणि हे सांगायला आता माझ्याइतकी जुनी ओळख असलेली माणसं फार उरलेली नाहीत.

आमच्या लहानपणी मित्राच्या वाडीत रहाट होता. पहाटे रेडा जुंपला की त्याची करकर समुद्राच्या गाजेतूनही ऐकू यायची. विहिरीचं पाणी पाटानं पोफळींच्या ओळींतून फिरायचं. पाणी फिरवायचं काम आम्हा दोघांवर सोपवलेलं असे आणि आम्ही ते खेळावारी न्यायचो. ती मात्र पाटात उभी राहायची. आळं भरत आलं की टाचेनं ओली माती सारून त्याचं तोंड बुजवायची आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं पुढच्या आळ्याची वाट उकरून द्यायची. वाकायची नाही, खोरं घ्यायची नाही. फ्रॉक एका हातात गोळा केलेला, नजर पाण्यावर. वाडी तिच्या घरची नव्हती. तिची आई मजुरीनं सुपारी सोलायला लोकांच्या पडव्यांमध्ये बसायची, आणि आईबरोबर आलेली ही मुलगी वाडीत शिरायची. श्रीवर्धनी रोठा सुपारी आतून पांढरीशुभ्र निघते म्हणून नावाजलेली. कुठल्या झाडाची रोठा कशी निघते, हे तिला आमच्याआधी माहीत होतं.

मी नोकरीसाठी मुंबईला गेलो. रात्रीची एसटी, म्हसळा, माणगाव, आणि उजाडता उजाडता मुंबई. मित्र गावातच राहिला, नोकरीला लागला. त्याचे वडील थकल्यावर वाडी आपोआप तिच्याकडे आली. रहाट जाऊन पंप आला, आंतरपीक म्हणून पोफळींवर मिरीचे वेल चढले, जायफळाची झाडं लागली. पाडेकऱ्याशी बोलणं, सुपारीचे बेडे वाळत घालणं, अवकाळीचं आभाळ दिसलं की ताडपत्रीसाठी धावणं, माल सुपारी संघात नेऊन दर समजून घेणं, सगळं ती करायची. सुट्टीत मी गेलो की मित्र आणि मी जीवना बंदरापर्यंत फिरून यायचो, जुन्या गप्पा मारायचो. ती त्या गप्पांत यायची ती बहुतेक वेळा आमची आठवण दुरुस्त करायला, आणि तिचंच बरोबर असायचं.

३ जून २०२०. टाळेबंदी चालूच होती. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्याच किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं. फोन बंद, वीज बंद. परवानगी काढून मी गावात पोचलो तेव्हा समुद्र पाखाडीतून दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता. मध्ये वाड्या होत्या. मित्र पडवीत बसून होता, बोलत नव्हता. त्याच्या आजोबांनी जंजिऱ्याच्या नवाबाच्या अमलात, म्हणजे १९४८ च्या आधी, लावलेल्या काही पोफळी तोवर उभ्या होत्या. त्याही मोडल्या होत्या.

ती वाडीत होती. खिडक्या रंगवून उरलेला हिरव्या ऑइलपेंटचा डबा हातात, आणि पडलेल्या प्रत्येक बुंध्यावर ती आकडा घालत होती.

‘खडूनं घातले असते तर पावसानं पुसले असते,’ ती म्हणाली. ‘वाट मोकळी करायला लोक तोडून नेणार. पंचनाम्याला येतील तेव्हा मी काय, हवेत बोट दाखवू?’ मग हळूच, ‘त्याला वही दे. मी आकडे सांगते, तो लिहू दे. बसून राहिला तर बसूनच राहील.’

त्या संध्याकाळी मित्रानं लिहिलं. पोफळ, नारळ, जायफळ, फणस. ती ओरडून आकडा सांगायची, तो खालमानेनं उतरवायचा. दुसऱ्या दिवशी पाखाडीतल्या आणखी बायका रंग मागायला आल्या.

बागायतीची भरपाई आधी हेक्टरी ५०,००० रुपये ठरली. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांच्या. हिशेब केला तर गुंठ्याला पाचशे रुपये पडत होते, आणि एका गुंठ्यात किती पोफळी मावतात हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. किनाऱ्यावर सगळीकडून ओरड झाली. मग झाडामागे भरपाई मिळाली, नारळाला २५०, सुपारीला ५० रुपये. ज्या झाडाला धरायलाच सहा-सात वर्षं लागतात, त्याचे पन्नास रुपये. तरी तिची वही कामाला आली. यादीतून एकही झाड गळालं नाही. पैसे मात्र मित्राच्या खात्यात जमा झाले, कारण सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही. मला तेव्हाही लागलं आणि आजही लागतं.

त्या हिवाळ्यात तिनं उभ्या राहिलेल्या झाडांचे पिकले बेडे निवडून, देठाची बाजू वर ठेवून वाफ्यात लावले. विकतची रोपं नकोत म्हणाली, आपल्याच झाडांची हवीत. २०२२ च्या पावसात रोपं वाडीत गेली, सावलीला केळी लावून. दिवाळीत आजार कळला. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या मुंबई-गोवा महामार्गावरून, ज्याचं काम तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं. एकदा मी बरोबर होतो. पेणपर्यंत ती डोळे मिटून होती. मग मित्राला म्हणाली, ‘केळी एवढ्यात काढू नकोस हां. ऊन सोसायचं नाही रोपांना.’ २०२३ च्या शिमग्याआधी ती गेली.

मित्रानं केळी काढल्या नाहीत. त्यांची मुलगी माणगावात नोकरी करते, शनिवारी येते आणि वाडी बघते. आईनं वहीच्या मागच्या पानांवर कुठलं रोप कुठल्या झाडाचं ते लिहून ठेवलंय. तिला ते वाचता येतं. यंदा मित्रानं मला बोलावून घेतलं ते एका कामासाठी. मुलीच्या नावानं त्यानं वाडीचं बक्षीसपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात. एक मी झालो, आणि दुसरी पाखाडीतली एक म्हातारी, जी मित्राच्या सासूच्या शेजारी बसून सुपारी सोलायची. मित्रानंच तिला रिक्षातून कचेरीत आणलं होतं.