गाडीतला गारवा

मुलांनो, तुम्ही सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर नळदुर्ग मागे पडल्यावर थोड्याच वेळात अणदूर लागते. ते आमचे गाव. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. २०२३ पासून त्याचे नाव धाराशिव झाले आहे. आमच्याकडे पाऊस बेताचा, ऊन मात्र भरपूर. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. भर दुपारी डांबरी रस्त्यावरून अशा झळा उठतात, की समोरून येणारी एसटी पाण्यात तरंगत असल्यासारखी दिसते.

माझ्या मामूंची एक जुनी ॲम्बॅसेडर मोटार होती. आजारी माणसांना सोलापूरच्या दवाखान्यात नेण्याआणण्याचे काम ते करत. २०१० साली आमचे नाना, म्हणजे माझ्या आईचे वडील, स्वतःच त्या गाडीचे नेहमीचे प्रवासी झाले. त्यांची मूत्रपिंडे काम देईनाशी झाली होती. आठवड्यातून दोन वेळा त्यांना डायलिसिससाठी सोलापूरला न्यावे लागे. अशा रुग्णाने पाणी मोजून प्यायचे असते, कारण शरीरात साठलेले जादा पाणी बाहेर पडायला वाटच नसते. नानांना दिवसाला एक लिटरच्या आतच पाणी मिळे. आता विचार करा, बाहेर आग ओकणारे ऊन आहे, घसा कोरडा पडला आहे, तांब्या शेजारीच आहे आणि तरीही पाणी प्यायचे नाही! इतरांना गाडीतला एसी म्हणजे चैन वाटत असेल. नानांना तो औषधासारखा होता.

मामूंच्या गाडीत डॅशबोर्डखाली टांगलेला एक जुना एसी होता आणि तो बरा चाले. पण २०११ च्या हिवाळ्यात गाडीच्या इंजिनाने दगा दिला. ते धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले. जुने इंजिन १४८९ सीसीचे होते. ॲम्बॅसेडरमध्ये पुढे इसुझू कंपनीच्या बनावटीचे, सुमारे १८०० सीसीचे इंजिनही येऊ लागले होते. मामूंनी मुंबईला कुर्ल्याच्या बाजारातून तसे एक वापरलेले इंजिन आणले. मोटार वाहन कायद्यानुसार असा बदल परवानगीवाचून करता येत नाही आणि नव्या इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणी पुस्तकात यावा लागतो. मामूंनी ते सगळे रीतसर केले. गाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. एसी मात्र बंदच राहिला.

का, ते सांगतो. एसी थंडी तयार करतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. माठातले पाणी गार का होते, हे तुम्ही शिकला आहात. माठातून पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. एसीतही हेच घडते. फक्त पाण्याऐवजी नळ्यांत बंद केलेला एक खास वायू असतो. कॉम्प्रेसर हा वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या जाळीत तो आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देतो आणि द्रवरूप होतो. मग एका बारीक छिद्रातून तो आतल्या नळ्यांत जातो. तेथे दाब एकदम उतरतो, द्रवाची पुन्हा वाफ होते आणि गाडीतील हवा गार पडते. या सगळ्याच्या मुळाशी कॉम्प्रेसर असतो आणि त्याला फिरवते ते इंजिन. इंजिनाच्या पुलीवरून एक रबरी पट्टा कॉम्प्रेसरपर्यंत जातो. आमच्या नव्या इंजिनावर कॉम्प्रेसर बसवायला पूर्वीची जागाच उरली नव्हती.

गावातल्या एका वेल्डरने लोखंडी पट्टीची बैठक करून कॉम्प्रेसर बसवून दिला. नळदुर्गपर्यंत जाईतो पट्टा शिट्टी वाजवू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या चिंध्या झाल्या. मग मामू महामार्गावरच्या उस्तादांकडे गेले. आमच्याकडे चांगल्या मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. तुमच्या घरी हा शब्द शिकवणाऱ्या गुरूसाठी वापरत असतील. मला विचाराल तर दोन्ही अर्थ या माणसाला शोभत.

उस्तादांनी एक पांढरा दोरा मागवला. त्याचे एक टोक मला इंजिनाच्या पुलीवर धरायला लावले, दुसरे त्यांनी कॉम्प्रेसरच्या पुलीवर धरले आणि दोरा ताणला.

"बघ बेटा, दोरा पुलीच्या कडेला सगळीकडे टेकतो का?"

"नाही उस्ताद. तुमच्या बाजूला फट दिसते."

"बोटाच्या नखाएवढी फट आहे. पट्टा तेवढ्यानेच मेला."

त्यांनी सोलापूरच्या एका टर्नरकडून जाड पोलादाची नवी बैठक करून आणली. दोन वेळा ती घासून पाहिली. तिसऱ्या वेळी दोरा सरळ टेकला, तेव्हा कुठे बोल्ट आवळले.

तरी काम संपले नव्हते. गाडी उभी असताना एसी सुरू केला, की इंजिन धडधडून बंद पडे. कॉम्प्रेसरला फिरवण्यात इंजिनाची बरीच ताकद जाते आणि मंद गतीवर त्याच्याकडे ताकद थोडीच असते. एसी लागताच कार्ब्युरेटर थोडा जास्त उघडेल, अशी एक लहानशी कळ उस्तादांनी बसवली. जाळीपुढे विजेचा एक जादा पंखाही लावला.

शेवटी राहिला वायू. जुन्या एसीत आर-१२ नावाचा वायू असे. रोलंड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले, की असे वायू आकाशात उंच जाऊन ओझोनचा थर नष्ट करतात. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे त्यांचा वापर थांबवण्याचा करार झाला. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला आणि २०१० पर्यंत आपल्याकडे अशा कामांसाठी या वायूंचे उत्पादन बंद झाले. म्हणून आमच्या गाडीत आर-१३४ए भरायचे ठरले. हा वायू ओझोनला धक्का लावत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तोही मागे नाही, तेव्हा त्यालाही हवेत सोडू नये.

नवा वायू जुन्या तेलाशी जुळत नाही. कॉम्प्रेसरमधले तेल बदलले नाही, तर तो कोरडा पडून जाम होतो. म्हणून सोलापूरच्या कारागिराने तेल बदलले, रबरी नळ्या व सांध्यांतल्या चकत्या नव्या घातल्या, ओल शोषून घेणारी डबीही नवी लावली. मग अर्धा तास पंपाने नळ्यांतली हवा खेचून काढली. हवेबरोबर ओलही जाते. ती आत राहिली, तर त्या बारीक छिद्रापाशी तिचा बर्फ होतो आणि सारे अडते. त्याआधीच साबणाचा फेस लावून त्याने प्रत्येक सांधा तपासला होता. एवढे झाल्यावर वायू भरला, तोही पूर्वीपेक्षा थोडा कमी, कारण या वायूचा दाब उन्हात जास्त चढतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नानांना घेऊन निघालो. नळदुर्गचा घाट आला, गेला. पट्ट्याने आवाज केला नाही. सोलापूरला दवाखान्यासमोर गाडी उभी केली, तर खाली पाणी ठिबकू लागले. रखवालदार धावत आला.

"अहो मामा, रेडिएटर फुटला की तुमचा!"

"नाही भाऊ," मामू हसून म्हणाले, "हे हवेतले पाणी आहे. थंड नळ्यांवर जमते आणि खाली पडते."

नाना सावकाश उतरले. त्यांच्या हातातली पाण्याची लहान बाटली मी घेतली. घरून निघताना भरली होती, तेवढीच ती भरलेली होती.