पोळी सोडण्याआधी

मैत्रिणींनो, "मला बाई गहू सोसत नाही," हे वाक्य हल्ली हळदीकुंकवाला गेलं तरी दोघीतिघींच्या तोंडून ऐकू येतं. कुणी वजनासाठी पोळी सोडते, कुणी पोट फुगतं म्हणून, तर कुणी शेजारणीनं सोडली म्हणून. ज्या त्या घरचा प्रश्न! पण पोट वरचेवर बिघडत असेल आणि काही केल्या अंगात रक्त भरत नसेल, तर पोळी सोडण्याच्या आधी एक रक्ततपासणी करून घ्या, एवढंच मला सांगायचं आहे. आधी, नंतर नव्हे. या 'आधी'ला एवढं महत्त्व का, ते माझ्याच हकिकतीवरून सांगते.

माझं माहेर मंगळवेढ्याचं, म्हणजे ज्वारीच्या कोठारातलं. आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरी. पोळ्या व्हायच्या त्या सणावाराला, नाहीतर पाहुणे आले की. २०११ साली लग्न होऊन मी इंदूरजवळच्या देवासला आले. इथं पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. बोली मराठी, पण ताट माळव्याचं! सकाळी पोळ्या, रात्री पोळ्या, रविवारी दाल-बाफले आणि मधल्या वेळी रव्याचं काहीतरी. गहू इतका सुरेख की सकाळची पोळी रात्रीही मऊच.

दोन-तीन वर्षांत कुरबुरी सुरू झाल्या. पोट ढोलासारखं फुगायचं. आठवड्यातून तीन-चार दिवस जुलाब. तोंड तर सारखं आलेलं. २०१४ साली मुलगी झाली, त्यानंतर हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं. शिरेतून लोह दिलं की आकडा चढायचा आणि सहा-आठ महिन्यांत पुन्हा खाली यायचा. २०१७ मध्ये पुन्हा दिवस गेले, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ टिकला नाही. त्याबद्दल घरात कुणी फारसं बोललं नाही. मीही नाही.

डॉक्टर तीन झाले. एकांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी जंतांचं औषध दिलं आणि तिसऱ्यांनी कागदावरून मान वर न करताच सांगितलं, "तुम्ही मनाला फार लावून घेता."

त्याहून जास्त लागायचं ते घरातलं बोलणं. उन्हाळ्यात महिनाभर मंगळवेढ्याला गेले की माझं पोट निवायचं, चेहऱ्यावर तजेला यायचा. परत आले की पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! मग सासूबाई म्हणायच्या, "माहेरी गेली की ठणठणीत आणि इथं आली की अंथरूण." तुम्ही सांगा, यावर सुनेनं काय उत्तर द्यावं? कारण ते तर खरंच होतं.

वाट सापडली ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर. दूध नाही घेतलं त्या दिवसावर आपण फुली मारतो ना, तसं मी पोट बिघडलेल्या दिवसाभोवती लाल गोल करू लागले. २०१९ सालची गोष्ट. घटस्थापना झाली. आमच्याकडे नऊही दिवस उपास, त्यामुळे वरी, राजगिरा, साबुदाणा आणि शिंगाड्याचं पीठ. उपासानं अंगावर येईल म्हणून मी धास्तावले होते. पण दसऱ्याला पान पाहिलं तर पहिले तीन दिवस सोडून एकही लाल गोल नाही! मग मागचा मे महिना उलटून पाहिला. माहेरी होते, तेव्हाही गोल तुरळकच. माहेरी भाकरी, नवरात्रात वरी. दोन्हीकडे काय नव्हतं? गहू!

जाऊबाईंनी लगेच तोडगा काढला, "मग सोडून दे की गहू. आजकाल निम्मी दुनिया सोडते." बोलणं पटण्याजोगं होतं. पण आमच्या गल्लीत नव्यानंच दवाखाना घातलेल्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यांना ती दिनदर्शिका एकदा दाखवावी म्हणून मी गेले. त्यांनी दहाही पानं बघितली आणि म्हणाल्या, "वहिनी, आज घरी जाऊन नेहमीसारख्या पोळ्या खा. उद्याही खा. तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू अजिबात सोडायचा नाही."

त्यांनी समजावलं ते असं. सीलिअॅक नावाचा एक आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. आपल्या ओळखीचंच ते. कणीक मळून तासाभरानं पाण्याखाली धुतली, की पीठ वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, तेच ग्लुटेन. पुरणपोळीची कणीक तार धरते ती त्याच्याच जोरावर. सीलिअॅक असलेल्या माणसाचं शरीर या ग्लुटेनवर उलटतं आणि त्या भरात स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्नाचा कस रक्तात जातो. ही लव झडून मखमलीचं सपाट कापड होतं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि इजा सर्वांत जास्त होते तीही तिथेच. मग गोळ्या कितीही गिळा, रक्त भरणार कसं? तेवढ्यात माझ्या पाच वर्षांच्या गोळ्यांचा हिशेब लागला.

आता 'आधी'चं कारण. या आजारात रक्तात विशिष्ट अँटिबॉडी तयार होतात, आणि तपासणीत त्याच शोधतात. गहू बंद केला की त्या हळूहळू उतरतात, आतड्याची लवही पुन्हा उगवू लागते. मग तपासणी करा, काहीच सापडत नाही! आजार आहे की नाही, हे कायमचं अधांतरी राहतं. ज्यांनी गहू आधीच सोडला आहे, त्यांना तपासणीसाठी पुन्हा निदान सहा आठवडे रोज गहू खावा लागतो. एकदा बरं वाटल्यावर ती शिक्षाच की! आणि तसा प्रयोग डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करायचा.

तुम्ही म्हणाल, बरं वाटतंय ना, मग नाव कळून काय करायचंय? मीही हेच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसता गहू सोसत नसेल तर कधीमधी घासभर शिरा खाल्ला तर चालून जाईल. सीलिअॅक असेल तर तोही चालणार नाही, जन्मभर." शिवाय पोट फुगणं, जुलाब, अशक्तपणा हे आतड्याच्या क्षयातही होतं, जंतांमुळे होतं, थायरॉईडमुळेही होतं. उपासाला बरं वाटलं, ही खूण झाली, पुरावा नव्हे.

रक्ततपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. उपाशीपोटी जावं लागत नाही. सोबत एकूण आयजीएही मोजून घ्यायचं, कारण काहींच्या रक्तात तेच मुळी कमी असतं. मग आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. माझा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. पुढची पायरी इंदूरला, एंडोस्कोपी. नाव ऐकून माझे पाय लटपटले होते, म्हणून तुम्हाला नीट सांगते. रात्रीपासून उपाशी राहायचं. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवं तर गुंगीचं औषध देतात. बोटाएवढी नळी तोंडातून खाली जाते आणि आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा कण काढतात. ते काढताना दुखत नाही. उमाळे येतात तेवढेच. पंधरा-वीस मिनिटांत मी बाहेर आले होते. आठवड्यानं अहवाल आला: लव झडलेली, सीलिअॅक.

तुम्हाला खरं सांगू? मला हायसं वाटलं. जन्मभराचं पथ्य लागलं होतं, तरी हायसं वाटलं. यांनी अहवाल सासूबाईंना वाचून दाखवला, मखमलीची उपमाही सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सूनबाई, तुला खरंच होत होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी परात पुढ्यात ओढली आणि सत्तरीत भाकरी थापायला शिकल्या. पहिल्या चार माळव्याच्या नकाशासारख्या झाल्या. पाचवी फुगली!

आता स्वयंपाकघरातलं. पोळी, रवा, मैदा, शेवया, दलिया हे तर कुणालाही कळतं. छुपा गहू शोधावा लागतो. डबीतला बांधणीचा हिंग घ्या, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. म्हणजे साधं फोडणीचं वरणसुद्धा चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. आणि गिरणी! गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली, की जात्यातलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतं. म्हणून आम्ही घरगुती चक्की घेतली, तिच्यात गहू दळतच नाही. पोळपाट-लाटणं, तवा आणि तळणीचं तेल वेगळं. विकतच्या वस्तूवर 'ग्लुटेनमुक्त' छापलं असेल, तर आपल्याकडच्या नियमानं त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. पण त्या महागड्या बिस्किटांवाचून काही अडत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, भाज्या, दूध, अंडी, मासे आपल्याच घरात आहेत की! अवघड एकच. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवून कुणी म्हणतं, "एवढ्याशानं काय होतंय?" मी तो कपाळाला लावते आणि यांच्या हातावर देते.

सहा महिन्यांत हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं, या खेपेला गोळ्यांनीच. टीटीजीही उतरत गेलं. गेलेल्या गर्भाचं कारण हेच होतं का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपचार न झालेल्या सीलिअॅकमध्ये असं होण्याचा धोका वाढतो, पण तुमच्या बाबतीत नक्की सांगता येणार नाही. त्या खरं बोलल्या, हे मला आवडलं. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो, म्हणून माझी आई, भाऊ आणि लेक या तिघांचीही तपासणी झाली. लेकीची २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये केली. दोन्ही वेळा निर्दोष, पण लक्ष ठेवून आहोत.

हा आजार गोऱ्या लोकांचा, असा समज आपल्याकडे होता. तिकडेही त्याचं मूळ उशिराच कळलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि या आजाराची मुलं उलट सुधारली. पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी तो प्रबंधात सप्रमाण मांडला. आपल्या उत्तर भारतात, जिथं गहू रोजचा, तिथं शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. भातखाऊ दक्षिणेत पुष्कळ कमी. पोळी आता आपल्याकडे खेड्यापाड्यांतही रोजची झाली आहे, तेव्हा नाव माहीत असलेलं बरं.

तर मैत्रिणींनो, गोळ्यांनी रक्त वाढत नसेल, जुलाब किंवा पोटफुगी महिनोन्‌महिने चालू असेल, सारखं तोंड येत असेल, हाडं दुखत असतील, मूल वयाच्या मानानं खुजं राहत असेल, तर दिनदर्शिकेवर महिनाभर लाल गोल करा. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "सीलिअॅकची तपासणी करायची का?" असं स्वतः विचारा. विचारायला भिऊ नका. तोवर पोळी चालू ठेवा.

आणि ज्या सासूबाई हे वाचत असतील त्यांना एक विनंती. सून माहेरी जाऊन बरी होत असेल, तर ती तिथं काय जेवते, तेही एकदा विचारून बघा.