आधी गंज सोडवा, मग बोल्ट

काटोलकडच्या संत्र्याच्या बागांतून राबलेली जुनी जीप उघडायला घेतली की पहिला वाद चासीच्या बोल्टवरून होतो. पान्यामागे पाईप चढवून झटका द्यायचा, की गॅस कटर मारून मोकळं व्हायचं? माझ्या मते हे दोन्ही शेवटचे उपाय. गंजलेला बोल्ट आपली ताकद कमी पडते म्हणून अडत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आट्यांच्या फटीत फुगायला जागा नसते, म्हणून तो नट-बोल्ट एकमेकांत आवळून टाकतो. फूटभर पान्याला तीन फुटांपर्यंत लांबवलं की जोर तिप्पट होतो खरा, पण तो सगळा बोल्टच्या दांड्यावर येतो. दांडा आधीच गंजून बारीक झालेला. तो पिळवटतो आणि नुसतं डोकं हातात येतं.

विदर्भ कोरडा, इथे कोकणासारखा गंज कुठला, असं म्हणणारे भेटतात. उन्हाळ्यापुरतं ते खरं आहे. पण चासीच्या पोकळीत बसलेली काळी माती पाऊस सरला तरी ओल सोडत नाही, आणि बागेतल्या जीपमधून खतं आणि फवारणीचे ड्रमही जातात. मोरचुदाचं द्रावण लोखंडी भांड्यात करत नाहीत, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही, हे तो विळ्याचं पातं बुडवूनच पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. तो थर चढतो तेव्हा पात्याचं तेवढं लोखंड द्रावणात गेलेलं असतं. असलं पाणी ड्रममधून हिंदकळून जीपच्या फळीखाली झिरपत राहिलं, तर खालच्या बोल्टची गत वेगळी होणार नाही.

म्हणून आधी वायर ब्रशने उघडे आटे साफ करायचे, मग गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि एक रात्र थांबायचं. डिझेलही चालतं, फक्त वेळ जास्त घेतं. दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, आणि पाना पहिल्यांदा किंचित आवळायच्या दिशेने. ‘कट्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत नटवर धरायची. 10 मिलिमीटरचा नट 300 अंशांनी तापला तर त्याचं भोक जेमतेम 0.036 मिलिमीटरने वाढतं, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीइतकं. पण तेवढ्याने ठिसूळ गंजाला तडे जातात, आणि नट निवत आला की त्या तड्यांतून तेल आत ओढलं जातं. जुन्या जीपची डिझेल-पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. ती काढल्याशिवाय त्या बाजूला ज्योत नेऊ नये. लालबुंद झालेला हाय-टेन्साइल बोल्ट परत वापरू नये.

गॅरेजवाल्याचा आक्षेप मात्र रास्त आहे: बोल्ट काही रुपयांचा, दिवसभराची मजुरी कोण देणार? नट दोन्ही बाजूंनी हाताला येत असेल तर कटर खुशाल मारा. पाट्यांचे यू-बोल्ट तर पुन्हा वापरायचेच नसतात. पण चासीला आतून वेल्ड केलेल्या नटात बोल्ट मोडला, तर ड्रिल करा, नवे आटे पाडा, नाहीतर पत्रा कापा. वाचवलेली मजुरी तिथेच जाते. बरं, कित्येकदा दोष गंजाचा नसतोच. 1947 पासून महिंद्राने जोडलेल्या विलीज जीपच्या वंशातल्या जुन्या गाड्यांना इंचाचे नट आहेत. अर्ध्या इंचाच्या नटावर 13 चा पाना बसतो, पण 0.3 मिलिमीटर सैल, आणि कोपरे गोल करून टाकतो. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते सोडवतोय म्हणून लोक आवळत बसतात.

हंगामात जीप अडवून ठेवणं परवडत नाही, हेही कबूल. पण तेल सोडायला जीप उभी ठेवावी लागत नाही. ती चालत असतानाच आठवडाभर रोज संध्याकाळी सोडता येतं. तेव्हा मृग बहाराची तोडणी आटोपत आली की सुरुवात करा, पावसाच्या आत बोल्ट बदला, आणि नवा बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.