उंबरठ्यावरचा पाहुणा

आमच्याकडे पाहुणा ‘बरंय, निघतो’ म्हणून उठला की खऱ्या गप्पा उंबरठ्यावर सुरू होतात. पीटर जॅक्सन हा न्यूझीलंडचा दिग्दर्शक मला याच जातीचा पाहुणा वाटतो.

त्याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग २००३ साली निघाला. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी तो पाहिला. अंगठी आगीत पडली, राज्याभिषेक झाला, तरी चित्रपट संपेना. एक निरोप झाला की दुसरा! लोक चपला शोधू लागले, चिरंजीव मात्र डोळे पुसत होते. तीन चित्रपटांच्या सोबतीनंतर उंबरठ्यावरचा तो वेळ हक्काचाच होता. त्या भागाला अकरा ऑस्कर मिळाली.

पुढे तोच पाहुणा ‘द हॉबिट’ घेऊन आला. टॉल्किनचे १९३७ सालचे हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेले, बेताचे. त्याचे आधी दोन चित्रपट व्हायचे होते, झाले तीन. शेवटचा, ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’, २०१४ च्या डिसेंबरात आम्ही पाहिला. पुस्तकात लढाई ऐन भरात येते तोच बिल्बोला दगड लागून तो बेशुद्ध पडतो. पडद्यावर मात्र ती पाऊण तास चालते. कोण कुणाला मारतो, याचे सोयरसुतक उरत नाही.

“बाबा, यांना थांबायचं कळत नाही,” मुलगा म्हणाला.

मला वाईट वाटले. शनिवार-रविवार मित्रांना जमवून, आईच्या ओव्हनमध्ये मुखवटे भाजून याच माणसाने चारएक वर्षांत आपला पहिला चित्रपट, ‘बॅड टेस्ट’, पुरा केला होता. तेव्हा जवळ पैसा नव्हता, पण हौस दांडगी होती. आता सारेच हाताशी होते आणि हात आखडत नव्हता.

तरी हा माणूस संपला असे मी म्हणणार नाही. २०१८ साली त्याने पहिल्या महायुद्धाच्या जुन्या मूक फिती उजळून, रंगवून ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ केला. त्यात खोटे सैन्य नाही. खरी माणसे आहेत, आणि ती आपल्याकडे पाहतात.

पण त्या पाच सैन्यांच्या गदारोळातही एक प्रसंग सोन्याचा आहे. लढाई संपते. बिल्बो आणि म्हातारा गॅन्डाल्फ शेजारी शेजारी बसतात. म्हातारा पाइप साफ करतो. बोलत कोणीच नाही.

चित्रपट पाहिल्यावर आठच दिवसांनी मुलगा शिकायला परदेशी गेला. विमानतळाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. सांगायच्या गोष्टी मी घरून पाठ करून आलो होतो. त्यातली एकही आठवेना. मी चष्मा काढून पुसत राहिलो. काच स्वच्छच होती.

“बाबा, निघतो,” तो म्हणाला.

तिथे उंबरठा नव्हता.