अर्धं कापलेलं झाड

विरोक्वा, विस्कॉन्सिन
मार्च, मंगळवार

ती. दादास सा. न.

इथे बर्फ अजून आहे, पण ओलसर, बुटाला चिकटणारा. हिमयुगात हिमनद्यांनी हा टापू चुकवला, म्हणून आजूबाजूच्या सपाटीत एवढ्याच टेकड्या आणि दऱ्या शिल्लक आहेत. ज्यांच्याकडे उतरलोय त्यांना शिकारीचं वेड. सध्या ते पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी रान आडवं करताहेत.

मेपलचं किंवा एल्मचं बारीक झाड छातीच्या खाली तिरकं कापायचं. दोनतृतीयांश खोड कापून झालं की झाड कलायला लागतं. मग थांबायचं आणि आकड्यानं ओढून लोळवायचं. उरलेल्या लाकडातून आणि सालीतून रस चढत राहतो, झाड जगतं, आडव्या खोडावर फुटवे येतात. हिवाळ्यात हरणं मुख्यतः कोंब-डहाळ्यांवर जगतात. शेंड्याचा जो चारा त्यांच्या तोंडापलीकडे होता तो खाली येतो, शिवाय बसायला आडोसा. ओकला हात लावत नाहीत: त्याची फळं हरणांना हवीत आणि लाकडाला भाव आहे.

शुक्रवार

करवतीचं विचारलंस. मनगटाएवढ्या खोडाला जपानी पद्धतीची हातकरवत. ती ओढताना कापते, म्हणून पातं पातळ असलं तरी वाकत नाही. शिवाय आवाज नसल्यामुळे लाकडाची करकर ऐकू येते, आणि ती ऐकू येणं फार महत्त्वाचं. त्याहून जाड झाडाला चेनसॉ. वीतभर जाडीपुढे ते हे तंत्र वापरतच नाहीत. झाड सरळ पाडतात. मला हे पटलं.

भीती पडण्याची नाही, फाटण्याची. आधीच कललेल्या खोडात ताण भरलेला असतो. अर्धवट कापलं की ते उभं चिरतं आणि मागचा भाग कापणाऱ्याच्या तोंडावर उसळतो. अ‍ॅश जातीचं लाकूड तर हमखास. म्हणून मागे उभं न राहता बाजूला राहायचं, धार ताजी ठेवायची, पळायची वाट बर्फातून आधीच तुडवून ठेवायची. मेलेलं झाड वगळायचं. ते वाकत नाही, मोडतं. चेनसॉ खांद्याच्या वर कधी न्यायची नाही, आणि पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकू द्यायचा नाही, नाहीतर ती उलटून अंगावर येते. मांडीवरच्या संरक्षक कापडात लांब धागे असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन चाकात गुंततात आणि ती जागच्या जागी अडकते. जुनं, फाटलेलं एक कापड त्यांनी दाखवलं. मी दोनदा हात फिरवला.

शेजाऱ्याला मात्र हे सगळं मान्य नाही. इमारती लाकूड वाया जातं, आणि उजेड मिळाला की बकथॉर्न नावाचं परदेशी झुडूप माजतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बांधाशी ते माजलेलं दिसलंही.

तू वाडीसाठी चेनसॉ आणायला सांगितलीस. नाही आणत. आंब्याच्या फांद्यांना घडीची हातकरवत पुरते. ती सामानात टाकतो. दात बोथटले तर नवं पातं बसवायचं असतं, म्हणून एक जादा पातंही घेतोय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू