न झालेला आजार

नेवासे तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर घर चालते ते दुधावर. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार होतो. त्यातच किराणा, वीजबिल आणि माझी फी.

२०२२ च्या ऑगस्टात जळगावकडे लम्पी आल्याचे कळले. सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले, आमचा घोडेगावचाही. डॉक्टर लस घेऊन वस्तीवर आले. लस फुकट होती, पण शेळ्यांच्या देवीची. दादा अडून बसले. "शेळीचं औषध गाईला? अन् दूध आटलं म्हंजी?"

शहाणी मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. टोचल्यावर दोन दिवस गाय तापली, तर घटलेले दूध डेअरीच्या मापात दिसते. न झालेला आजार कोणत्या मापात दिसणार? दहा दिवसांच्या पगारावर जगणाऱ्याचा हा हिशेब आहे.

पुढे शेजारच्या वस्तीवरचा बैल अंगभर गाठींनी फुलला. बसला तो उठलाच नाही. त्या रात्री दादा जेवले नाहीत. सकाळी आईनेच डॉक्टरांना निरोप धाडला आणि गाई स्वतः धरल्या. दादा दूर बांधावर उभे होते.

लस अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर रोज गोचिडे वेचायची आणि सांजेला गोठ्यात कडुनिंबाचा धूर करायचा. धूर मात्र दादांना लगेच पटला. माश्या पळताना दिसतात ना!

आमची एकही गाय दगावली नाही. दादा श्रेय धुरालाच देतात. लसीची तारीख मात्र दरवर्षी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तेच लिहून ठेवतात.