पांढऱ्या जाळीचे फूल

फुलदाणीत गुलाब असला, की पाहणाऱ्याची दृष्टी आधी गुलाबावरच जाते. त्याच्या भोवती पसरलेली पांढरी, जाळीदार फुले कोणत्या झाडाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. अशा फुलांपैकीच एक अम्मी. भूमध्य समुद्राचा काठ आणि नाईल नदीचे खोरे हे तिचे माहेर. इंग्लंडातील बागांत ती सासुरवाशिणीसारखी नांदते.

तिचे फूल म्हणजे वस्तुतः एक फूल नव्हेच. दांड्याच्या शेंड्याशी छत्रीच्या काड्यांप्रमाणे अनेक बारीक देठ फुटतात. प्रत्येक देठाच्या टोकाशी पुन्हा एक चिमुकली छत्री, आणि तिच्यावर पांढऱ्या फुलांचा बारीक चुरा! हा फुलोरा पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. परसातील कोथिंबीर खुडावयाची राहून गेली, की तीही अशीच छत्री उघडते. कोथिंबीर, ओवा, जिरे, बडीशेप, गाजर ही सारी अम्मीची भावंडे. परंतु कुळात सगळेच सज्जन असतात असे नाही. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्स नगरीत सॉक्रेटिसाला जो विषाचा पेला प्यावा लागला, तो याच कुळातील हेमलॉकचा. तिलाही अशीच शुभ्र फुले येतात.

इंग्लंडातील माळी अम्मीचे बी सप्टेंबरात पेरतो. पुढे धुके, दहिवर, कधी हिम. सारा हिवाळा रोप जमिनीला बिलगून असते. नवशिक्याला वाटते, बी फुकट गेले. पण खाली मुळे खोल उतरत असतात. वसंतात पेरलेले रोपही फुलते, मात्र हिवाळा सोसलेले रोप अधिक उंच आणि जोमदार होते. जून महिन्यात त्याला फुले येऊ लागतात.

फुले कापण्यातही घाई चालत नाही. छत्रीतील बहुतेक फुले उमलण्यापूर्वी दांडा कापला, तर तो पाण्यात मान टाकतो. उन्हे चढण्याच्या आत कापून दांडे काही तास खोल पाण्यात ठेवावे लागतात. हे काम करताना जाणता माळी हात झाकून घेतो. अम्मीचा रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात.

मौज अशी, की नाईलच्या खोऱ्यातील लोकांनी या दाहक गुणाचाच उपयोग करून घेतला. अंगावर कोड उठलेल्या माणसासाठी ते या झाडाच्या बियांची पूड वापरीत आणि त्याला उन्हात बसवीत. १९४७ मध्ये इजिप्तमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्या बियांतील द्रव्य वेगळे काढले. त्याचे औषध डॉक्टर फार जपून, मोजून देतात. स्वतः पांढरेशुभ्र फुलणारे हे झाड माणसाच्या कातडीवरचा हरवलेला रंग परत आणण्याच्या कामी यावे, हे नवलच!

कापावयाचे राहून गेलेले एखादे झाड वाफ्यात तसेच वाळते. बी आपोआप खाली सांडते. सप्टेंबरात माळी बियांची पुडी घेऊन येतो, तेव्हा चार-दोन रोपे त्याच्या आधीच उगवलेली असतात.